माशाला कसं कळतं, आता अंडी घालायची?

दोस्तांनो, या वेळच्या पत्रांच्या गठ्ठ्यात नाशिकच्या एका सातवीतल्या मैत्रिणीचं पत्र आहे. तिच्याकडे दोन फुटी टाकीत आठ झेब्रा मासे होते. होते म्हणायचं कारण, आता सहाच उरलेत. ती लिहिते, ‘‘एप्रिलमध्ये मासे आणले. आठ महिने झाले, पण एकदाही अंडी दिसली नाहीत. दुकानदारकाका म्हणाले, पाणी गरम केलं की लगेच घालतील. म्हणून डिसेंबरात दादाने हीटर आणून ३२ वर लावला. सकाळी बघतो तर सगळे मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. त्यातले दोन मेले. आता बाबा म्हणतात, टाकी कुणाला तरी देऊन टाकू. आमचं काय चुकलं?’’

चुकलं ते इतकंच, की तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली गेली. उरलेली अर्धी आज सांगतो. आणि हो, टाकीचा निकाल लावण्याआधी हे पान बाबांनाही वाचायला दे.

आधी एक गंमत बघा. माशाकडे ना कॅलेंडर, ना घड्याळ. मग त्याला कसं कळतं की आता अंडी घालायची वेळ झाली? भलत्याच दिवसांत अंडी घातली तर पिल्लं उपाशी मरतील. म्हणजे अंदाज अचूक हवा. हा अंदाज मासा अनेक गोष्टींवरून बांधतो. दिवस किती मोठा आहे, पाणी वाढतंय का, असं बरंच काही त्यात येतं. पण आपल्या टाकीत आपल्या हातात असलेल्या मोठ्या गोष्टी दोनच, पाणी किती गरम आहे आणि पोटात काय पडतंय.

पहिल्यांदा पाण्याचं पाहू. बाहेर नाशिकची थंडी असो की नागपूरचं ऊन, आपलं शरीर ३७ अंशांच्या आसपासच राहतं. माशाचं तसं नाही. पाणी २० अंश, तर मासाही २० अंश! त्याच्या अंगातली सगळी कामं, म्हणजे अन्न पचणं, हृदयाचे ठोके, पोटातली अंडी मोठी होणं, पाण्याच्या उष्णतेवर चालतात. पाणी १० अंशांनी उतरलं की ही कामं साधारण निम्म्या वेगाने होतात, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणून थंडीत मासे कोपऱ्यात गप्प बसतात आणि टाकलेलं खाणं तसंच तळाशी पडून कुजतं.

आता झेब्राकडे वळू. हा मासा परदेशी वाटतो ना? तो अस्सल आपल्याकडचा आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरने गंगेतल्या माशांवर एक जाडजूड पुस्तक लिहिलं आणि १८२२ साली छापलं. झेब्राचं पहिलं शास्त्रीय वर्णन त्यातच आहे. गंगेच्या खोऱ्यातले संथ ओढे, तळी, भाताची खाचरं हे त्याचं माहेर. पाऊस पडला की खाचरं भरतात. त्या उथळ, कोमट पाण्यात कुजणाऱ्या गवतावर डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जीव तयार होतात. पिल्लांसाठी जेवणाची पंगतच मांडलेली असते म्हणा ना! झेब्राची मादी नेमकी तेव्हा अंडी घालते.

आपल्याकडचे मासेही हेच करतात. कोकणात किंवा घाटाखाली आजोळ असेल तर आजोबांना ‘चढणीचे मासे’ म्हणजे काय ते विचारा. रायगडकडे त्यालाच ‘वलगण’ म्हणतात. पहिला जोराचा पाऊस झाला, ओढ्यांना लोंढा आला की मासे प्रवाहाविरुद्ध उड्या मारत वर शेतात चढतात, ते अंडी घालायलाच. (त्या वेळी ते धरणं फार सोपं असतं. पण अंड्यांनी भरलेली एक मादी धरली की पुढचे किती मासे गेले, ते तुम्हीच मोजा.)

पाऊस आला ही बातमी माशाच्या पोटापर्यंत पोचते कशी? मेंदूच्या खाली पीयूषिका नावाची इवलीशी ग्रंथी असते. मेंदूला खात्री पटली की ही ग्रंथी रक्तात संप्रेरकं सोडते आणि मग अंडी पिकायला लागतात. याचा पुरावा मोठा मजेदार आहे. रोहू, मृगळ हे मासे वाहत्या नदीत पुराच्या वेळी अंडी घालतात, पण तळ्यात पाळले की घालत नाहीत. लोंढा नाही, तर मेंदूची खात्रीही नाही! मग मत्स्यशेती करणाऱ्यांना नदीतून पिल्लं गोळा करत हिंडावं लागे. डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या माशांच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क काढून तो तळ्यातल्या माशांना टोचला. ओडिशात अंगुल इथे १० जुलै १९५७ रोजी माशांनी तळ्यात अंडी घातली. पूर नाही, लोंढा नाही, तरी! म्हणूनच आपल्याकडे १० जुलै हा मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस मानतात.

आपल्याला घरी सुई टोचायची नाहीये. आपण फक्त पाणी आणि खाणं असं ठेवायचं, की माशाच्या मेंदूची आपोआप खात्री पटावी.

मग पाणी गरम केल्यावर नाशिकचे दोन मासे का मेले? कारणं दोन. पहिलं, घाई. डिसेंबरात नाशिकला टाकीतलं पाणी १८-२० अंशांवर असणार. तिथून एका रात्रीत ३२ म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतून उचलून थेट चंद्रपूरच्या उन्हात ठेवण्यासारखं. माशाला दिवसाला एक-दोन अंशांचा बदल सोसतो, त्याहून जास्त नाही. दुसरं कारण प्राणवायू. पाणी जितकं गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त ९ मिलिग्रॅम विरघळतो, तर ३० अंशांना साडेसातच. आणि गंमत अशी, की गरम पाण्यात माशाचं शरीर जोरात चालतं, म्हणजे त्याला प्राणवायू जास्त लागतो. दुकानात माल कमी आणि गिऱ्हाईक दुप्पट! मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते ते त्यासाठीच.

म्हणून जास्त गरम म्हणजे जास्त अंडी, हे साफ चूक. झेब्राला अंड्यांसाठी २६ ते २८ अंश पुरतात. प्रयोगशाळांमध्ये त्याची अंडी साडेअठ्ठावीस अंशांवर वाढवतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, पुण्याची आघारकर संशोधन संस्था अशा ठिकाणी या माशावर संशोधन होतं, कारण त्याची अंडी काचेसारखी पारदर्शक असतात आणि आतलं बाळ बाहेरून दिसतं. साडेअठ्ठावीस अंशांवर चोवीस तासांत त्या बाळाचं हृदय धडधडायला लागतं आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं. २५ अंशांवर हेच सगळं रेंगाळतं. ३३ च्या पुढे गेलं तर पिल्लं वेडीवाकडी वाढायला लागतात. फार गरम पाण्यात वाढलेल्या झेब्राच्या पिल्लांमध्ये नर जास्त निघतात, हेही शास्त्रज्ञांना दिसलं आहे.

हीटर लावायचा तर आधी पाण्याचा थर्मामीटर घ्या. हीटरच्या चकतीवरच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, ती चकती बिनदिक्कत दोन-तीन अंशांची थाप मारते. दोन फुटी टाकीत साधारण ५० लिटर पाणी असतं, तिला ५० वॉटचा हीटर पुरे. शेजारी हवेचा पंप चालू हवाच. रोज एक अंश वाढवा, आठवड्याने २७ वर पोचाल. आणि हे आईबाबांसाठी: पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटरचं बटण बंद करून पिन काढायची, हा नियम घरात सगळ्यांना पाठ हवा. गरम हीटर पाण्याबाहेर काढला तर त्याची काच तडकते, तेही ध्यानात असू द्या. कोकणात किंवा मुंबईत बहुतेक महिने हीटरची गरजच पडत नाही. विदर्भात उलट, मे महिन्यात पाणी थंड कसं ठेवायचं हाच प्रश्न! तिथे टाकीचं झाकण काढून वर जाळी टाका आणि टेबलफॅनचा वारा पाण्यावर येऊ द्या. माठातलं पाणी गार होतं, त्याच युक्तीने पाणी दोन-तीन अंश उतरतं.

आता पोटाकडे येऊ. दुकानदारकाकांनी हाच भाग गाळला. पाणी गरम झाल्यावर माशाच्या शरीराचा खर्च वाढतो. खाणं तेवढंच राहिलं तर सगळं अन्न जगण्यातच संपतं, अंड्यांसाठी काय उरणार? एक माहिती ऐका, मोठ्यांनाही सहसा ठाऊक नसते. अंड्यातला बलक अंडाशयात तयार होत नाही. त्याचा कच्चा माल मादीच्या यकृतात बनतो आणि रक्तातून अंड्यापर्यंत पोचतो. म्हणजे आईने जे खाल्लं, त्याचाच बलक होतो. पिल्लू बाहेर आल्यावर पहिले दोन-तीन दिवस काहीच खात नाही, पोटाला चिकटलेल्या त्या बलकावर जगतं. आईचं खाणं निकस असेल तर अंडी कमी, आणि जी निघतात त्यांतली पिल्लंही लवकर मान टाकतात.

रोजचं दाणेदार खाद्य जगायला ठीक. पण अंड्यांसाठी प्रथिनं आणि स्निग्ध पदार्थ जास्त हवेत. डबक्यातले पाणपिसू, दुकानात मिळणारे ट्यूबिफेक्सचे लाल किडे, गोठवलेल्या लाल अळ्या, हे माशांचं पक्वान्न. ट्यूबिफेक्स गटाराच्या चिखलात वाढतात, तेव्हा ते दोन-तीन दिवस रोज पाणी बदलत धुतल्याशिवाय देऊ नका, नाहीतर पक्वान्नाबरोबर रोगही घरात येतो. माझं मत विचाराल तर घरी करायला सर्वांत सोपा आहे तो सुका जवळा. चांगला धुऊन मीठ घालवायचं, वाळवायचा, मिक्सरमधून बारीक पूड करायची. (आधी आईची परवानगी. वास येतो हं!) जवळ्यासारख्या जीवांत एक रंगद्रव्यही असतं. माशांचा लाल-नारिंगी रंग अशा रंगद्रव्यांवर अवलंबून असतो, आणि ती माशाला स्वतः तयार करता येत नाहीत, अन्नातूनच मिळवावी लागतात. गप्पीच्या माद्या जास्त नारिंगी नर पसंत करतात, असं त्रिनिदाद बेटावरच्या गप्पींच्या अभ्यासात दिसलं. नवरदेवाने काय खाल्लंय, ते नवरीला लांबूनच कळतं! डासांच्या अळ्या मासे आवडीने खातात, पण म्हणून घरात बादली भरून अळ्या पाळू नका. डेंग्यूला आमंत्रण कशाला?

आणि एक सांगायलाच हवं. पक्वान्न म्हणून ढीगभर घालायचं नाही. दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच, दिवसातून दोन-तीनदा. जास्त खाऊन लठ्ठ झालेली मादीही अंडी घालायला कुचराई करते, आणि उरलेलं अन्न पाणी नासवतं ते वेगळंच.

तर आता क्रम असा. आधी नर-मादी ओळखा. मादी पोटाने गोल आणि चंदेरी, नर सडपातळ, पट्ट्यांमध्ये सोनेरी झाक. आठही नर निघाले तर हीटर बिचारा काय करणार! दोघांना दहा-बारा दिवस वेगळं ठेवून चांगलं खाऊ घाला. टाकीत मध्ये जाळी लावली तरी चालेल.

मग दहा लिटरची एक छोटी टाकी घ्या. तिच्यात आधीच्या टाकीतलंच पाणी पाऊण वीत भरा आणि तळाला गोट्यांचे दोन थर पसरा. हो, खेळायच्या काचेच्या गोट्या! झेब्रा हे फार अजागळ आईबाप आहेत. अंडी पाण्यात नुसती विखरून टाकतात आणि लगेच मागे वळून ती खायलाही लागतात. गोट्यांच्या फटींत पडलेली अंडी त्यांना खाता येत नाहीत. संध्याकाळी एक मादी आणि दोन नर सोडा, दिवा मालवा. उजाडलं की पहिल्या तासाभरात पाठलाग सुरू होईल. शाळेच्या गडबडीत हे बघायचं राहू नये म्हणून रविवार गाठा. मादी एका सकाळी शंभराच्या आसपास अंडी घालू शकते. पाठलाग थांबला की मोठ्यांना बाहेर काढा. दोन सकाळी वाट पाहूनही काही झालं नाही, तर त्यांना परत नेऊन आणखी आठवडाभर खाऊ घाला. हीटर वाढवू नका.

आता नाशिकच्या मैत्रिणीला एक गुपित. आठ महिन्यांत तुझ्या माशांनी अंडी घातलीच नसतील, असं मला वाटत नाही. एप्रिलपासून पावसाळाभर पाणी पुरेसं कोमट होतं. टाकीत एक जरी मादी असेल, तर घातली असणार, पहाटे, तू झोपेत असताना. आणि तू उठायच्या आत आठ जणांनी मिळून ती फस्तही केली असणार!

अंडी बारीक असतात, मिलिमीटरभराची. भिंगातून पाहा, शाळेत सूक्ष्मदर्शक असेल तर बाईंना विचारून दोन अंडी घेऊन जा. पांढरी पडलेली अंडी मेलेली असतात, ती ड्रॉपरने काढून टाका, नाहीतर त्यांची बुरशी बाकीच्यांना लागते.

खरी कसोटी पुढे आहे. बहुतेकांची पिल्लं पाचव्या-सहाव्या दिवशी मरतात. बलक संपलेला असतो, पिल्लू पोहायला लागतं, आणि त्याच्या तोंडात मावेल असं खाणं घरात नसतं. दाणेदार खाद्याची पूड त्याला मोठ्या धोंड्यासारखी! म्हणून नर-मादी एकत्र सोडायच्या आधी चार-पाच दिवस एक बरणी तयार ठेवायची. काचेच्या बरणीत टाकीतलं जुनं पाणी घ्या, त्यात कोबीचं एक पान किंवा केळ्याच्या सालीचा तुकडा टाका आणि बरणी खिडकीत ठेवा. पाणी आधी गढूळ होतं, वास मारतं, आणि चार ते सात दिवसांत पुन्हा निवळायला लागतं. ते निवळायला लागलं की समजा, आत सूक्ष्मजीव भरपूर झाले. भाताच्या खाचरात जे घडतं, तेच आपण बरणीत घडवलं. हे पाणी ड्रॉपरने दिवसातून चार-पाच वेळा पिल्लांना द्या. दोनेक आठवड्यांनी आर्टेमियाची पिल्लं देता येतील. हा खाऱ्या पाण्यातला बारीक जीव, आपल्या तुतिकोरिनच्या मिठागरांतही सापडतो. त्याची सुकी अंडी डबीत विकत मिळतात. लिटरभर पाण्यात २५-३० ग्रॅम मीठ घालून त्यात पंपाने हवा सोडली की दीड दिवसात ती फुटतात. त्यांनाही पाणी २७-२८ अंशच आवडतं बरं का.

बाकीच्या माशांचं थोडक्यात. गप्पी पिल्लंच देतो, अंडी नाही. मादीचे दिवस साधारण चार आठवड्यांत भरतात, गार पाण्यात पाचपर्यंत लांबतात. पिल्लं जन्मली की लपायला भरपूर पाणवनस्पती हव्यात, नाहीतर आईच खाऊन टाकते. फायटरचा नर पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधून अंडी स्वतः राखतो. त्याला २७-२८ अंश आणि वर झाकण हवं, कारण त्याची पिल्लं पुढे पाण्यावरची हवा घेतात आणि ती हवाही कोमट-दमट लागते. गोल्डफिश मात्र अगदी वेगळा. तो थंड मुलखातला, चीनचा. त्याला आधी गारठा हवा आणि मग हळूहळू ऊब. हिवाळा सरून पाणी २० अंशांच्या आसपास आलं की तो अंडी घालतो. बारा महिने २८ अंशांवर ठेवलेल्या गोल्डफिशला वसंत ऋतू आल्याचं कळणार कसं? तेव्हा झेब्रा आणि गोल्डफिश एका टाकीत नकोत. दोघांचा ऋतूच जुळत नाही.

शेवटी हिशेबाची गोष्ट. शंभर अंड्यांतून तीस पिल्लं वाचली तरी दोन फुटी टाकी भरून जाते. म्हणून पुढची जोडी लावण्याआधी पिल्लं कुणाला देणार ते ठरवा. वर्गातले मित्र, शाळेची प्रयोगशाळा, दुकानदारकाका, कुणीही चालेल. नदीत, विहिरीत किंवा तळ्यात मात्र एकही सोडू नका. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला डास मारायला परदेशातून आणलेला गप्पी आज देशभरच्या ओढ्या-नाल्यांत पसरला आहे. तो मूळच्या लहान माशांच्या पिल्लांवर आणि अन्नावर हात मारतो.

एक वही करा. रोज सकाळी आणि रात्री पाण्याचं तापमान, काय खायला दिलं, किती दिलं, नर-मादी कधी सोडले, अंडी कुठल्या दिवशी दिसली, पिल्लं किती दिवसांनी पोहायला लागली, सगळं लिहा. पुढच्या पत्रात त्यातली दोन पानं उतरवून पाठवा, गावाचं नावही लिहा. रत्नागिरीच्या आणि नागपूरच्या वह्या शेजारी ठेवून बघायला मला फार आवडेल.